पोत्याचा टाका

पळसटोल्यात धानाच्या पोत्याचं तोंड शिवावं ते पोचूनंच. धानोऱ्याच्या वाटेवरचं हे गाव. भोवती जंगल आणि मधल्या उघड्या जागेत धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. खळं उरकलं की पोती भरली जायची आणि पोचू दाभण-सुतळी घेऊन ओळीनं बसायचा. त्याच्या टाक्याची खुबी अशी, की पोतं बैलगाडीतून हिंदकळत गडचिरोलीपर्यंत गेलं तरी एक दाणा सांडायचा नाही. पण सुतळीचं मोकळं टोक धरून एक ओढ दिली, की अख्खं तोंड सरकन उघडायचं. सुरी नको, कातर नको. व्यापारी त्याच्या टाक्यावर खूश असत. पोचूला मात्र त्याचं काही वाटत नसे. त्याचा अभिमान दुसरीकडे होता.

दिवाळी सरली की गावची मंडई भरायची. एका दिवसाची जत्रा ती. लेकी-जावई, सोयरे-धायरे यायचे, फुटाण्या-बांगड्यांची दुकानं लागायची आणि दुपारी मोठ्या चिंचेखाली दंडार, म्हणजे ढोलकीवरचा नाच-सोंगांचा खेळ, उभी राहायची. दंडारीत बायकांची सोंगं पुरुषच घेत. राणीचं सोंग पोचूचं. एरवी हा माणूस खांदे पाडून चालणारा, कुणी मोठ्यानं बोललं तर पायाच्या अंगठ्यानं माती उकरणारा. पण राणीचा झगा अंगावर चढला की त्याची मान अशी वळायची, की म्हाताऱ्या बायासुद्धा पदर सावरून बसत. झगा जुन्या चालीचा होता, छातीला घट्ट आणि कमरेखाली भला मोठा घेर असलेला. ढोलकी चढत गेली की राणी गिरकी घ्यायची आणि तो घेर छत्रीसारखा उघडायचा. लोक दंडार बघायला येत ते त्या गिरकीसाठी.

हा झगा गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, गुणवंतराव यांच्या पेटीत असायचा. त्यांच्या वडिलांनी तो हौसेनं शिवून घेतला होता आणि मंडईच्या आदल्या दिवशी तो गावाला द्यायचा, ही त्या घरची रीत. पुढं मालगुजारी बुडाली, त्यांचा तलाव सरकारजमा झाला, तरी झगा मिळत राहिला. मोडता आला तो पंचावन्न साली. त्या पावसाळ्यात लटारूभाऊनं, म्हणजे दंडारीच्या म्होरक्यानं, गुणवंतरावांना न विचारता तलावाचं पाणी बांध्यांत सोडलं. तलाव आता सरकारचा, मग विचारायचं कुणाला, असं तो चारचौघांत म्हणाला. ते गुणवंतरावांच्या कानावर गेलं.

मंडई जवळ आली तसे लटारूभाऊ आणि पोचू झगा मागायला गेले. गुणवंतराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"तलाव सरकारचा झाला ना?" ते अडकित्त्याकडे बघतच म्हणाले. "मंग झगाही सरकारलेच माग."

लटारूभाऊ तसाच मागं फिरला. पोचू मात्र थांबला.

"मालक, भांडन पान्याचं हाय. रानीनं तुमचं का बिघडवलं?"

गुणवंतरावांनी तेव्हा कुठं मान वर केली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"रानी? आरशात पाह्यलं का एवढ्यात? लेकीचं लगन झालं, जावई आला. ढेरी सुटली. माह्या बापाच्या हौसेचा झगा तुह्या आंगावर चढवून हसू नाई करायचं मले. जाय."

पोचू बाहेर आला तेव्हा लटारूभाऊ फाटकाशी संतापानं फणफणत उभा होता. पण त्याचा संताप पोचूच्या कामाचा नव्हता. त्याच संध्याकाळी मंडळी जमली आणि लटारूभाऊनं सांगून टाकलं, "झगा गेला खड्ड्यात. बिरजूले लुगडं नेसवू. तोच रानी."

बिरजू म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेला, शेलाट्या अंगाचा, गोड गळ्याचा जवान. त्याला लुगडं शोभलंच असतं. पोचूला लुगडं नेसवलं तर कडब्याच्या पेंढीला दोर आवळल्यासारखं दिसायचं, हे पोचूलाही ठाऊक होतं. त्याचे रुंद खांदे आणि जाड पोटऱ्या झाकायचा तो झगाच.

"लुगड्यात गिरकी कशी घेईन रे लटारूभाऊ?" पोचू म्हणाला. "लोक गिरकी पाहाले येतात."

"मंग आन झगा."

"आनतो. मी सिवतो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उठला तो थांबेचना.

"पोत्याचा का?" कुणी तरी विचारलं.

"पोचूभाऊ," बिरजू लाडात आल्यासारखा म्हणाला, "एवढा तरास काऊन घेता? दासीचं काम करा ना. माह्या मांगं पानदान धरून उभे राहा."

लटारूभाऊला हसू आलं नाही. तो रोखठोक माणूस. "आयक पोचू. मंडईच्या दिवसी तुह्या आंगावर झगा असन आन गिरकीले घेर उघडन, त तू रानी. नाई उघडला, त तिथल्या तिथं बिरजू. मांगून रडाचं नाई."

पोचूनं होकार दिला आणि घरी येईपर्यंत आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. पोत्याच्या तोंडापलीकडं त्यानं जन्मात काही शिवलं नव्हतं. इतकी वर्षं तो झगा अंगात घातला, पण तो कसा जोडलाय हे कधी उलटून पाहिलं नव्हतं.

गावात शिवणयंत्र एकच, भैयाजी शिंप्याचं. भैयाजी गुणवंतरावांच्या ओसरीच्या टोकालाच दुकान मांडून बसायचा, तेव्हा तो झगा शिवून देणार नाही हे उघडच होतं. पोचूनं एवढंच विचारलं, की घेर कापायचा कसा.

भैयाजीनं यंत्र थांबवलं नाही. "गज हाती धरला का कधी? कातर? सुई कोन्या बोटानं ढकलतात, सांग बरं."

पोचू अंगठ्यानं माती उकरू लागला.

"सोपं हाय," भैयाजी म्हणाला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं ते पोचूला दिसलं, पण समजलं नाही. "सरळ पट्टे फाड. एकाले एक जोड. वर नाडी ओवून आवर. झाला झगा. जाय आता, उजेड अडवू नको."

घरात त्याच्यासाठी आणखी एक तोंड वाट बघत होतं. मनकर्णा, त्याची बायको, सडपातळ, झपाझप काम उरकणारी. नवऱ्याच्या दंडारीचा तिला पहिल्यापासून राग. पाणवठ्यावर बाया तिला 'राणीची बायको' म्हणत आणि ती हसण्यावारी नेत आली होती. पण यंदा गोष्ट वेगळी होती. जावई पहिल्यांदा मंडईला येणार होता.

"लेकीच्या सासरचे येऊन राह्यले," ती चुलीतलं लाकूड आत ढकलत म्हणाली, "आन सासरा बाईचं सोंग घेऊन नाचन. बोलतीन नाई का तिले जलमभर? मालकानं झगा नाई देल्ला, मले वाटलं देवानं आयकलं. आन हे मानूस म्हनते मीच सिवतो!"

"वर्साचा एक दिवस हाय मनकर्णे."

"बाकीच्या दिवसाचं का? धान उभा हाय बांधीत. तो कापाचा का राहू द्याचा?"

पोचू दिवसभर धान कापायचा आणि दिवस कलला की अंगणात बसायचा. कापडासाठी त्यानं आपली दोन्ही धोतरं काढली. मग लाजेकाजेपुरता पंचा नेसून तो शेतावर जाऊ लागला. वाटेवर लोक ओरडत, "रानीचा झगा व्हाचा हाय म्हून राजा नागवा फिरून राह्यला!" पोचू मान खाली घालून चालायचा. उत्तर द्यायची त्याची रीत नव्हती.

भैयाजीनं सांगितल्याबरहुकूम त्यानं धोतराचे सरळ पट्टे फाडले, जोडले, वर नाडी ओवली आणि कमरेला बांधून अंगणात एक गिरकी घेऊन पाहिली. कापड पायांभोवती गुंडाळलं. कमरेला चुण्यांचा जाड गठ्ठा झाला आणि खाली घेर म्हणून काही उरलाच नाही. दुसऱ्या गिरकीत पाय अडकून तो शेणाच्या ढिगाशेजारी पडला. कुंपणापलीकडं कुणी तरी खिंकाळल्यासारखं हसलं. दुसऱ्या दिवशी भैयाजीच्या दुकानापुढून जाताना आतून आवाज आला, "काऊन रानीसाहेब, उघडला का घेर?" तेव्हा पोचूला त्या मिशीखालच्या हसण्याचा अर्थ लागला.

त्याच संध्याकाळी मनकर्णा पाहुण्यांसाठी पत्रावळी लावत अंगणात बसली होती, समोर पळसाच्या पानांचा ढीग, मांडीवर बांबूच्या बारीक काड्या. पोचू समोर ते शिवलेलं गाठोडं घेऊन नुसता बसून होता. ते पाहूनच तिचा भडका उडाला.

"उसवा ते! उसवा आन धोतर करून नेसा! जावयापुढं पंचा नेसून बसता का?"

"कापलं मनकर्णे. आता धोतर नाई होत."

तिच्या हाती तयार पत्रावळ होती. ती तिनं भिरकावली. पत्रावळ त्याच्या छातीवर आपटून मांडीवर उपडी पडली. पोचूनं ती बाजूला ठेवायला उचलली आणि हातातच धरून ठेवली. आयुष्यभर तो पत्रावळीवर जेवला होता, पण तिच्याकडं पाहिलं ते त्या दिवशी. देठाकडं निमुळतं असलेलं पान टोकाकडं रुंद होत गेलेलं. सगळे देठ मधे, सगळी रुंद टोकं बाहेर. म्हणूनच मधे चुणी नाही आणि कडेला एवढा थोरला वाटोळा घेर. पान चौकोनी असतं तर पत्रावळ झालीच नसती.

"मनकर्णे," तो म्हणाला, "झगा असा असते."

"माहं डोस्कं असते!" ती म्हणाली आणि दुसरं पान उचललं.

पोचूनं सारं उसवलं. पट्टे तिरपे कापून वर चार बोटं आणि खाली दोन वीत असे लांब तुकडे काढले. शिंपी त्याला कळी म्हणतात, हे त्याला पुष्कळ पुढं समजलं. तो त्यांना पानंच म्हणायचा. टाकाही त्यानं बदलला. त्याच्या हाताला एका ओढीत उसवणारा पोत्याचाच टाका येत होता, आणि झगा उसवून चालणार नव्हतं. लटारूभाऊच्या अंगणात त्याची जुनी बंडी वलणीवर वाळत होती, ती उलटी करून पोचूनं शिवण पाहिली. तिथं सुई पुढं जाऊन निम्मी मागं येत होती. दाभण धरणाऱ्या बोटांना बारीक सुई सापडेना. बोटांची चाळण झाली. धान कापताना विळ्याची मूठ धरवेना तेव्हा बोटांना चिंध्या बांधून तो बांधीत उतरायचा आणि शेजारच्या बांधीतून कुणी तरी विचारायचं, "रानीले मेंदी लावली का?"

मनकर्णा त्याच्याशी बोलणं सोडून होती. ताट पुढं सरकवायची, तेही पायानं नव्हे एवढंच. पण एका संध्याकाळी पाठमोरी असतानाच म्हणाली, "गाठ मारत नाई त धागा का थांबते?" आणि निघून गेली. पोचूनं पाहिलं. खरंच, शिवण संपताना गाठ मारायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. पोत्याला कधी कुणी गाठ मारतं? त्यानं सगळ्या शिवणींच्या टोकांना गाठी मारल्या.

शिमग्याची उरलेली, वाळवून ठेवलेली पळसफुलं उकळून, तुरटी टाकून त्यानं झगा रंगवला. पांढऱ्या धोतरांचा केशरी झगा झाला. मंडईच्या आदल्या दिवशी, घेर ताठ उभा राहावा म्हणून, त्यानं तो तांदळाच्या दाट माडात, म्हणजे खळीत, बुचकळला आणि कुंपणावर वाळत टाकला. तो इकडं बांधीवर गेला आणि तिकडं गुणवंतरावांच्या गोठ्यातला गोऱ्हा सुटला. दावं तुटलं की कुणी सोडलं, यावर गावात आजही दोन मतं आहेत. माडाचा वास गोऱ्ह्याला आला. पोचू परतला तेव्हा गोऱ्हा शांतपणे रवंथ करीत उभा होता आणि झग्याची समोरची एक कळी खालपासून वरपर्यंत चघळून लगदा झाली होती.

पोचूनं झगा उचलून उरलेल्या कळ्या मोजल्या. धोतर शिल्लक नव्हतं. शेजारी मागायची सोय नव्हती. कुणी चिंधी दिली नसती आणि वर गावभर केलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दंडार होती. मनकर्णा लेक-जावयाला आणायला रस्त्यापर्यंत गेली होती.

घरात पेटी होती. पेटीत मनकर्णाच्या आईनं दिलेलं तांबडं लुगडं होतं. ती ते सणालासुद्धा नेसत नसे, नुसतं काढून ऊन दाखवून घडी घालून ठेवायची. पोचूनं पेटीचं झाकण उघडलं. मग त्यानं विचार केला तो असा: लुगड्याचं एक टोक कमरेशी आत खोचलं जातं. ते कुणाला दिसत नाही. नेसणारीलाही दिसत नाही. तेवढंच कापलं तर काय बिघडलं? आतल्या टोकाची एक कळी त्यानं कातरली, लुगडं होतं तसं घडी घालून ठेवलं आणि मागच्या पडवीत जाऊन कळी जोडायला बसला. कान सगळे रस्त्याकडं. बैलगाडीची घुंगरं ऐकू आली तशी त्याची सुई पळू लागली आणि घाईत हाताला आपसूक जो टाका आला तो त्याच्या लक्षातही आला नाही. धाग्याचं टोक तसंच मोकळं राहिलं.

मंडईच्या दिवशी चिंचेखाली उभं राहायला जागा नव्हती. पुढं खुर्ची टाकून गुणवंतराव बसले होते. दंडारीला ते येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते आले. शेजारी भैयाजी. बायांच्या घोळक्यात मनकर्णा होती, तिच्याजवळ लेक. सकाळपासून पत्रावळी लावून ती तशीच उठून आली होती. काड्यांची जुडी अजून ओच्यातच होती. जावई पुरुषांत बसला होता आणि मनकर्णा दंडारीकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत होती.

बिरजू लुगडं नेसला होता. लटारूभाऊनं त्याला कडेला तयारच उभं केलं होतं, नावाला दासी म्हणून. "झगा उघडला नाई त लगीच मंधात ये," त्यानं सांगून ठेवलं होतं.

राणी आली. पहिल्यांदा लोक हसले. रंग कुठं गडद, कुठं फिका. बाह्या एक लांब, एक आखूड. "पळस फुलला रे कार्तिकात!" कुणी ओरडलं. भैयाजी गुणवंतरावांच्या कानाशी लागला आणि दोघे हसले. पोचूनं कुणाकडं पाहिलं नाही. त्याची मान ती ओळखीची वळली आणि ढोलकी चढू लागली.

पहिल्या गिरकीला घेर उठला. दुसरीला उघडला. पत्रावळीसारखा वाटोळा, ताठ, माडानं करकरीत असा घेर उघडला आणि हसणारी तोंडं तशीच उघडी राहिली. म्हाताऱ्यांतून एक लांबलचक "हो" निघाला. भैयाजीचं हसू मिशीखालीच विरलं.

मनकर्णानं तेव्हा पहिल्यांदा रिंगणाकडं पाहिलं. केशरी घेरात काहीतरी तांबडं चमकून गेलं. तिला वाटलं, ऊन असेल. पुढच्या गिरकीला पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं तो काठ ओळखला. आईच्या लुगड्याचा काठ. ती उठून उभी राहिली. लेकीनं पदर धरला तो तिनं झटकला.

ती बायांतून वाट काढत होती तेव्हाच ते झालं. पोचूच्या पायातल्या चाळात धाग्याचं मोकळं टोक अडकलं. तो फिरला, चाळानं ओढ घेतली आणि तांबड्या कळीची शिवण खालपासून कमरेपर्यंत सरकन उघडली. अगदी पोत्यासारखी. आतला पंचा आणि केसाळ पोटरी साऱ्या मंडईला दिसली.

"पोतं सुटलं रे!" गुणवंतराव खुर्चीतून ओरडले. "धान सांडला का पाहा!"

जो तो ओरडू लागला. ढोलकी थांबली. पोचू दोन्ही हातांनी झगा धरून मधे उभा राहिला, खांदे पडले आणि पायाचा अंगठा माती उकरू लागला. लटारूभाऊनं बिरजूला खूण केली. बिरजू निऱ्या सावरत पुढं निघाला.

त्याच्याआधी मनकर्णा रिंगणात पोचली. लोकांना वाटलं, आता ही नवऱ्याला मारते. तिलाही तसंच वाटत असावं. हात उगारलेलाच होता. पण ती त्याच्याजवळ आली आणि मागून गुणवंतरावांचं हसणं पुन्हा ऐकू आलं. तो हात तिथंच थांबला. मग खाली आला आणि तिनं ओच्यातून काड्यांची जुडी ओढली.

"हात वर करा," ती दातओठ खात म्हणाली. "हलू नका."

पान पानाला जोडतात तशी ती कळी कळीला जोडू लागली. काडी खुपस, मोड, दुसरी खुपस. हात यंत्रासारखे चालले होते आणि तोंडही.

"माह्या मायचं लुगडं कापलं. माह्या मायचं! घरी चला, तुमाले पाहीन. हलू नका म्हनलं ना!"

"टोचते मनकर्णे."

"टोचू द्या."

शेवटची काडी मोडून तिनं डोक्यावर पदर घेतला. गुणवंतरावांकडं तिची पाठ होती आणि ती तशीच राहू देऊन ती ढोलकीवाल्याला म्हणाली, पण इतक्या मोठ्यानं की खुर्चीपर्यंत जावं, "हात काऊन थांबला रे? पेटीतला झगा देल्ला नाई कोनी, म्हून हा सिवला. आता बसून पाहा म्हनाव. वाजव!"

ढोलकी वाजली. पोचू फिरला. काड्या कमरेला टोचत होत्या, त्यामुळं त्याला वाकताच येईना आणि मान आणखीच ताठ झाली. राणी एवढ्या तोऱ्यात यापूर्वी कधी दिसली नव्हती, असं म्हातारे पुढं कित्येक वर्षं सांगत. घेर उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बिरजू निऱ्या धरून मधेच उभा होता. मागं जावं की पुढं यावं, त्याला कळेना.

"बिरज्या," लटारूभाऊ खेकसला, "पानदान धर."

गिरक्या संपल्या. जुनी रीत अशी, की राणीनं शेवटी मालगुजाराला मुजरा करायचा. पोचूचं अंग इतकी वर्षं त्याच तालावर वळलेलं. ढोलकीची शेवटची थाप पडली आणि तो खुर्चीकडं वळून लवला. काड्या टोचल्या तरी लवला. आणि गुणवंतरावांचाही उजवा हात, सवयीनंच, मुजरा घ्यायला वर उठला. उठला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी आपल्या त्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे. मग ते खुर्ची तिथंच टाकून निघून गेले. भैयाजी खुर्ची उचलून मागोमाग धावला.

घरी जाताना मनकर्णा चार पावलं पुढं होती.

"त्यानं झगा देल्ला नाई, तुमाले पोतं म्हनलं, आन तुमी त्यालेच वाकले!"

"आंगच वाकलं, मनकर्णे. तो रानीचा मुजरा होता. माहा नाई."

"मंग लुगडं कोनं कापलं? रानीनं?"

पोचूनं घेर धुळीतून वर उचलून धरला आणि तिच्यामागून चालत राहिला.

जावई त्या दिवशी पत्रावळीवर मान खाली घालून जेवला आणि एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेला. मनकर्णाला वाटलं, संपलं. पण पुढल्या मंडईला तो आपल्या गावची गाडीभर माणसं घेऊन आला आणि पुढं जागा धरून बसला, तेव्हाही काही बोलला नाही.

पाहुणे गेल्यावर मनकर्णानं झगा अंगणात आणला, एकेक काडी काढली, तांबडी कळी सोडवली, धुतली आणि आपल्या हातानं परत लुगड्याला जोडली. झगा एका कळीनं तोकडा राहिला. पोचू समोर बसून बघत होता. मागायची त्याची छाती झाली नाही. वर्षभर पेटीची किल्ली तिच्या गळ्यात होती.

पुढल्या दिवाळीला तिनं मांजरपाटाचा एक तुकडा त्याच्या अंगावर फेकला. "घ्या. माह्या पेटीले हात लावाचा नाई." एवढंच बोलली.

पोचू पुढं बरीच वर्षं राणी झाला. समोरचे दोन दात पडले तेव्हा त्यानं आपण होऊन बिरजूला झगा दिला. बिरजूही तोवर ढेरपोट्या झाला होता आणि त्यालाही झग्याची गरज होती. गुणवंतरावांच्या पेटीतला झगा पुन्हा कधी बाहेर निघाला नाही. मनकर्णानं दंडारीबद्दल चांगला शब्द शेवटपर्यंत काढला नाही. पण दर मंडईच्या सकाळी ती पोचूला म्हणायची, "आना इकडं," आणि झगा मांडीवर घेऊन प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी, दात खाऊन, सारं जुनं वैर काढल्यासारखी ताणून बघायची. एखादी उसवली तर झगा त्याच्या तोंडावर फेकायची. सगळ्या टिकल्या तरी तोंडावरच फेकायची. पोचू तो झेलायचा आणि अंगात घालायचा.